‘मला उमजलेले बालगंधर्व’

काही ध्वनिमुद्रिका नाव वाचून विकत घेतल्या जातात. ही एक ध्वनिमुद्रिका नाव वाचल्याबरोबर आमच्या घरात भांडण लावून गेली.

पंडित कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची नाट्यपदे गायिली आणि त्या गायनास ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे नाव दिले. त्याचे जाहीर कार्यक्रम झाले आणि एच.एम.व्ही.ने त्याची लाँग प्ले तबकडीही काढली. ती तबकडी उज्जैनला आमच्या घरी आली तेव्हा आमचे आजोबा हयात होते. कव्हर हाती घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते नाव दोनदा वाचले आणि म्हणाले, “उमजलेले म्हणजे काय? नारायणराव म्हणजे काय गणित होते, उमजायला? आणि त्यात पुन्हा ‘मला’ कशाला?”

पुढे कित्येक वर्षे आमच्या घरी ही तबकडी लागली, की त्या दोन शब्दांवरून वाद होई. ‘बालगंधर्वांची गाणी’ असे साधे नाव ठेवले असते, तर आजोबांची निम्मी तक्रार उरली नसती असे आम्हांस वाटे. आज मात्र वाटते, की त्या दोन शब्दांवाचून तबकडीत काही अर्थच राहिला नसता. २०२४ साली कुमारांची जन्मशताब्दी झाली, त्या निमित्ताने आम्ही ती पुन्हा बाहेर काढली आणि मनाशी जुने भांडण पुन्हा एकवार मांडून पाहिले.

आजोबांची बाजू आधी सांगितली पाहिजे, कारण तीच बळकट होती. लहानपणी ते बडोद्यास मामांकडे शिकावयास होते. बडोदे हे बालगंधर्वांच्या भाग्यातले गाव. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग बडोद्यासच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी झाला. नाटककार राम गणेश गडकरी त्याच्या अगोदर महिनाभरच निवर्तले होते आणि नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली होती. आजोबांनी तो पहिला प्रयोग पाहिलेला नव्हता. त्यानंतर काही वर्षांनी, मामांच्या मांडीशेजारी बसून त्यांनी सिंधू पाहिली. साल त्यांना कधीच नीट सांगता येत नसे. पण सिंधूच्या अंगावरचे ठिगळ लावलेले लुगडे, पद संपताच उठणारा ‘वन्स मोअर’चा कल्लोळ, आणि घरी परतताना रस्त्यावर उजाडू लागलेले, हे सारे ते असे सांगत की जणू कालच पाहून आले आहेत.

तेव्हाच्या नाटकांना रात्र पुरत नसे, हे आजच्या वाचकांस सांगितले पाहिजे. एकेक पद पुनःपुन्हा गायिले जाई आणि दर वेळी त्यात काही नवे निघे. मागे साथीला कोण असावेत? तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. ज्यांच्या साथीसाठी मैफलींतले गवैये वाट पाहत, असे वादक नारायणरावांनी नाटक कंपनीत पगारावर ठेवले होते. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत निघालेली गंधर्व नाटक मंडळी पुढे त्या दोघांनी सोडली आणि ती एकट्या नारायणरावांची झाली. मालक म्हणून ते हिशेबी मुळीच नव्हते. रंगभूमीवर खरे भरजरी शालू, खरी अत्तरे, उत्तम वाद्ये; आणि पाठीशी कर्ज. कंपनी बुडाली तीही त्याच थाटात. परंतु ज्यांनी तिच्यात चाकरी केली, त्यांना ती चाकरी जन्मभर पुरली. बोडसांनी ‘माझी भूमिका’ लिहिली, टेंब्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिला. मतभेद होऊन बाहेर पडलेल्या माणसांच्या लेखणीतही नारायणरावांचा विषय निघाला की निराळाच ओलावा येतो.

आजोबांच्या लेखी बालगंधर्व म्हणजे हे सारे एकत्र होते. त्यातून एखादी गोष्ट वेगळी काढणे म्हणजे मूर्तीचा एक हात काढून देव्हाऱ्यात ठेवण्यासारखे.

परंतु आमच्यापाशी काय होते? आमच्यापाशी लाकडी पेटीत ठेवलेल्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या होत्या. आम्ही उज्जैनची मंडळी. राणोजी शिंद्यांबरोबर आमच्यासारखी घराणी माळव्यात आली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकाळेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरास नेली, तरी पुष्कळजण क्षिप्रेच्या काठीच राहिले. मराठी आम्ही घरात बोलतो, बाहेर माळवी-हिंदी. वरणभाताशेजारी आमच्या पानात दालबाफले असतात. मराठी रंगभूमी आम्हांपर्यंत आली ती बव्हंशी तबकडीवरून. आणि त्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. जे पद रंगभूमीवर पाव तास, वीस मिनिटे चाले, त्याचा तेवढाच तुकडा आमच्या वाट्याला येई. मुखडा, अंतरा, एक-दोन ताना, आणि सुई खरखरत मध्याशी जाई. आजोबा डोळे मिटून उरलेली सतरा मिनिटे आठवणीने भरून काढीत. आम्हांला भरावयास काही नव्हते. आम्ही त्या तीन मिनिटांनाच बालगंधर्व समजत होतो.

कुमार गंधर्वांची स्थिती, नीट पाहिले तर, आमच्यासारखीच होती. त्यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावाजवळच्या सुळेभावी येथे झाला, मातृभाषा कानडी. ते कळते झाले तोवर गंधर्व मंडळीचे वैभव ओसरणीला लागले होते. त्यांचे बालपणही तबकड्यांच्या संगतीत गेले, आणि त्याची कथा सर्वश्रुत आहे. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हा मुलगा त्या हुबेहूब गाऊन दाखवी. १९३५ साली अलाहाबादच्या संगीत परिषदेत दहा-अकरा वर्षांच्या या पोराने जाणत्यांना थक्क केले, ते या नकलेच्या जोरावरच. पुढे मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधरांपाशी शिक्षण झाले, आणि नक्कल आणि गाणे यांतला फरक त्यांस कळू लागला.

१९४८च्या जानेवारीअखेर क्षयाने ग्रासलेले कुमार हवापालटासाठी देवासला आले. उज्जैनहून देवास पस्तीस-चाळीस किलोमीटर. पाच-सहा वर्षे गाणे बंद होते. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले आणि प्राण वाचले, परंतु एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. अंथरुणावर पडून त्यांनी काय ऐकले? रस्त्याने जाणाऱ्या माळवी बायकांची गाणी, शीलनाथ महाराजांच्या धुनीवरील नाथपंथी भजने. आमच्या उज्जैनात भर्तृहरीच्या गुंफेपाशी तसलेच जोगी एकतारीवर गात असत, आणि आम्ही त्यांना चिमूटभर पीठ घालून वाटेला लावीत होतो! पुढे त्याच सुरांचे निर्गुणी गाणे झाले, माळव्यातील लोकधुनांतून नवे राग झाले, आणि उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाने त्यांना मानद डी.लिट. दिली. सांगावयाचे ते इतकेच, की बालगंधर्वांकडे वळले ते कुमार बेळगावचे नकलाकार पोर नव्हते. हवे ते हुबेहूब गाण्याची विद्या ज्याने बुद्ध्या टाकून दिली होती आणि ज्याला लांब दमसास उरला नव्हता, असा तो गवई होता.

म्हणून ‘उमजलेले’.

आता प्रत्यक्ष गाण्याविषयी. ‘नाथ हा माझा’ घ्या. ‘स्वयंवर’ नाटक १९१६ सालचे, नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, पद यमनातले. बालगंधर्वांच्या तबकडीत हे पद ऐकताना रुक्मिणी बोलते आहे असा भास होतो. स्वर आणि शब्द यांच्यामध्ये सांधा दिसत नाही. लयीशी त्यांचा जो खेळ चाले तो इतका लाडिक, की समेवर येणे हे ठरवून केलेले न वाटता सहज घरी येण्यासारखे वाटते. हरकती बारीक, एका श्वासात आलेल्या आणि लगेच विरघळून गेलेल्या. त्यांपैकी एकही थांबवून पाहता येत नाही.

कुमार नेमके तेच करतात. ते थांबवून पाहतात. बालगंधर्वांनी ओझरती घेतलेली एखादी जागा ते उचलतात, तिच्यापाशी क्षणभर गप्प राहतात, मग दुसऱ्या बाजूने तिच्याकडे येतात. जे गाणे तेथे सलग वाहत होते ते येथे टप्प्याटप्प्याने उलगडते. आवाज एकदम वर फेकला जातो आणि तितक्याच एकाएकी कुजबुजीइतका खाली येतो. हा तुटकपणा एका फुप्फुसाचा आहे असे काहीजण म्हणतात. असेल. पण श्वास कोठे तोडावा हे ठरविणारी बुद्धी फुप्फुसात नसते. आम्ही तर म्हणू, की ही तबकडी ऐकल्यावर आम्ही पुन्हा नारायणरावांची तीन मिनिटे लावली, तेव्हा त्यांत पूर्वी कधी न ऐकलेल्या कितीतरी गोष्टी ऐकू आल्या. त्या तेथे आधीपासूनच होत्या. आजोबांना त्या आठवणीने ठाऊक होत्या. आम्हांस त्या कुमारांनी दाखविल्या.

सर्वच पदे अशी साधली आहेत असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ‘एकच प्याला’तल्या सिंधूच्या पदांपाशी आम्ही आजोबांच्या पक्षाला जाऊन मिळतो. सिंधूचे दुःख सोसणाऱ्या बाईचे आहे. ते न तुटता वाहिले पाहिजे. कुमारांच्या फेकीमुळे त्यात एक प्रकारचा जाब विचारल्याचा सूर येतो. सिंधूने जाब विचारला असता तर नाटक पहिल्याच अंकात संपले असते! आजोबा हे ऐकून मांडीवर थाप मारून म्हणत, “हे कसे बोललात!” वादात आमच्याकडून त्यांना मिळालेला हा एकच विजय, तो त्यांनी शेवटपर्यंत जपला.

या वादाला गेल्या काही वर्षांत एक अनपेक्षित साक्षीदार मिळाला, तो सातासमुद्रापलीकडचा. आमचा भाचा जॅझ नावाचे अमेरिकन संगीत ऐकतो. कुमारांची तबकडी त्याच्यापुढे लावली आणि भांडणाचा इतिहास सांगितला, तेव्हा तो म्हणाला, “मामा, आमच्यात मिंगसने हेच केले.” मग त्याने जे सांगितले आणि ऐकविले, ते येथे थोडक्यात देतो.

चार्ल्स मिंगस (१९२२–१९७९) हा डबल बास वाजवीत असे. हे माणसाहून उंच, उभे धरून बोटांनी छेडावयाचे खर्जाचे तंतुवाद्य. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत तळाशी जो गंभीर ठेका ऐकू येतो तो पुष्कळदा त्याचा. हे वाद्य वाजविणारा सगळ्यांच्या मागे उभा असतो. मिंगसचे दैवत ड्यूक एलिंग्टन हा वाद्यवृंदाचा मालक, रचनाकार आणि पियानोवादक. हाही मालक म्हणून आपल्या नारायणरावांच्याच जातीचा. गीतांच्या मानधनातून आलेला पैसा तो वाद्यवृंद टिकविण्यात घाली, कारण आपल्या मनातले संगीत रोज कानांनी ऐकता यावे ही त्याची हौस. १९६३ साली हा वाद्यवृंद भारतातही येऊन गेला. तर १९५३ साली मिंगसला त्या वाद्यवृंदात जागा मिळाली, आणि थोड्याच दिवसांत हुआन टिझोल नावाच्या सहवादकाशी मारामारी झाल्यामुळे गेलीही. एलिंग्टन सहसा कोणाला स्वतः काढून टाकीत नसे. मिंगसला त्याने स्वतः काढले.

एवढ्यावर दुसरा कोणी जन्मभर रुसला असता. मिंगसने १९५९ सालच्या ‘मिंगस आह अम’ या तबकडीत ड्यूकला उद्देशून एक अनावृत पत्रच संगीतातून लिहिले. १९६२ साली दोघे पुन्हा एकत्र बसून वाजवूही लागले; ड्रमवर मॅक्स रोच आणि तबकडीचे नाव ‘मनी जंगल’. १९७४च्या मे महिन्यात एलिंग्टन वारला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मिंगसने त्याच्या नावाने एक विलंबित लयीतली रचना ध्वनिमुद्रित केली. भाच्याने ती आम्हांस ऐकविली. त्या संगीतातले आम्हांस फारसे कळत नाही, हे कबूल करतो. पण मालकाच्या चालीचा कोठेही मागमूस न ठेवता मालकाची आठवण कशी आणता येते, हे ऐकून आम्ही चाट पडलो. एलिंग्टनसारखे वाजविणारे शेकडो असतील. मिंगसने मिंगससारखेच वाजविले, आणि ऐकणाऱ्याला एलिंग्टन आठवला.

एक जण काही दिवस कंपनीत राहून हाकलला गेला, दुसरा कंपनीत कधी गेलाच नाही. तरी दोघांची रीत एकच. आमच्या मनात आले, की थिरकवा खाँसाहेबांनी अशी एखादी तबकडी केली असती तर ती कशी झाली असती? मागे बसून, वर्षानुवर्षे रोज रात्री नारायणरावांची लय ज्याने सांभाळली, त्याला उमजलेले बालगंधर्व! ते आता ऐकावयास मिळणार नाही. खाँसाहेब १९७६ साली गेले. नारायणराव त्याआधी १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास गेले.

कुमारांनी ही रीत पुढेही सोडली नाही. ‘तांबे गीत रजनी’ झाली. भा. रा. तांबे तर आपल्या मध्य भारताचेच कवी. देवास, ग्वाल्हेर ही त्यांची गावे. तुकोबांच्या अभंगांचाही कार्यक्रम झाला. प्रत्येक वेळी काही लोक खट्टू झाले. तुकोबा असे गातात काय, हा प्रश्न विचारणारे आमच्याही ओळखीत होते.

आमच्या घरच्या वादाचा शेवट झाला नाही. आजोबांनी कुमारांना कधी मान्य केले नाही, आणि तसे केले असते तर आम्हांसच चुकल्यासारखे वाटले असते. बडोद्याच्या त्या रात्रीचा एवढाच तर पुरावा त्यांच्यापाशी होता, की त्यांना दुसरे कोणतेही गाणे तसे वाटत नव्हते. मात्र शेवटच्या आजारात, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, त्यांनी आपण होऊन ती तबकडी लावावयास सांगितली. ‘नाथ हा माझा’ संपले. आम्ही काही बोललो नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “तो जेथे थांबतो ना, तेथे नारायणराव थांबत नसत. पण तेथेच प्रेक्षक ‘वाहवा’ म्हणत.” आणि कूस बदलून झोपले.

ते वाक्य आम्ही पुष्कळ वेळा उलटसुलट करून पाहिले आहे. ही तक्रार होती की कबुली, ते अजून ठरलेले नाही. घरातल्या बायकांचे मत, कबुली. आमचे थोरले बंधू म्हणतात, तक्रार.

आता अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांचे यंत्र बंद पडले आहे. दुरुस्त करणारा उज्जैनात कोणी उरला नाही. परंतु दोन्ही गंधर्व आजकाल कोणाच्याही भ्रमणध्वनीवर सापडतात, त्यामुळे वाचकांस सबब नाही. ऐकताना आधी नारायणराव, मग कुमार, मग पुन्हा नारायणराव असा क्रम ठेवावा. घरात कोणी वडीलधारे असल्यास त्यांना अगत्याने बोलावून जवळ बसवावे, आणि भांडण निघालेच तर चहा टाकावा.